अळी बीटीला ‘सरावली’ म्हणजे नेमकं काय झालं?

बोरूबहाद्दर

कपाशीचा हंगाम आला की शेतीच्या पुरवण्यांत, व्हॉट्सॲपवर आणि कृषी केंद्राच्या बाकावर एक वाक्य ठरलेलं असतं : ‘गुलाबी बोंडअळी आता बीटीला सरावली.’ (बीटी म्हणजे अळीला मारणाऱ्या प्रथिनाचं, जिवाणूकडून घेतलेलं जनुक घातलेली कपाशी.) माझा आक्षेप ‘सरावली’ या एका शब्दाला आहे. उत्क्रांतीबद्दलचे निम्मे गैरसमज या शब्दात मुरलेले आहेत.

माणूस तिखटाला सरावतो. म्हणजे तोच माणूस, त्याच आयुष्यात, रोज थोडं थोडं खाऊन बदलतो. अळीला ही चैन नाही. बीटी कपाशीतलं क्राय-१-एसी हे प्रथिन तिच्या पोटात गेलं की आतड्यातल्या अल्कधर्मी रसात त्याचे तुकडे होतात. त्यातला कामाचा तुकडा आतड्याच्या अस्तरावरच्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतो, अस्तराला भोकं पडतात, अळी खाणं सोडते आणि थोड्याच दिवसांत मरते. सराव करायला वेळ कुठे आहे?

मग झालं काय? मोजक्या अळ्यांचं कॅडहेरिन जन्मतःच बिघडलेलं होतं. कुलूपच वाकडं, त्यामुळे किल्ली बसत नाही. बीटी येण्याआधी या बिघाडाचा कुणाला काही फायदा नव्हता. मार्च २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, धड कुलपाच्या अळ्या मरू लागल्या आणि वाकड्या कुलपाच्या उरल्या. एक पिढी साधारण महिन्याभराची, हंगामात चार-पाच पिढ्या. २०१० मध्ये गुजरातेतल्या अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट भागातली गुलाबी बोंडअळी क्राय-१-एसीला दाद देत नाही हे जाहीर झालं. दोन जनुकांचं, म्हणजे दोन वेगळी बीटी प्रथिनं बनवणारं वाण २००६ पासून बाजारात होतं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात त्याच्याही शेतांत डोमकळ्याच डोमकळ्या (अळी शिरल्याने मिटून राहिलेली फुलं).

या सगळ्यात बदलली ती अळ्यांची जमात. सुटी अळी जन्मली तशीच मेली, किंवा जन्मली तशीच जगली.

असे नेहमीचे प्रश्न आणि गैरसमज इथे टाका. उत्तरं मात्र आकड्यांसकट द्या, ‘निसर्गाची किमया’ छाप नकोत.

चिंचोका

पहिला! वाचून मग लिहितो.

तर्कटराव

‘जन्मतःच बिघडलेलं होतं’ हे तुम्ही ठोकून दिलंत. विषामुळेच जनुकात बदल झाला असेल आणि तो पिलांत उतरला असेल, तर? शेतात दिसणारा परिणाम दोन्हीकडे सारखाच. फरक कसा ओळखणार?

पेट्रीबशी

तर्कटराव, प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर अळीवर नाही, जिवाणूंवर मिळालं. दोन प्रयोग आहेत.

पहिला ल्युरिया आणि डेलब्रुक यांचा, १९४३ चा. जिवाणूंना मारणारा विषाणू घेतला. जिवाणूंच्या बऱ्याच छोट्या नळ्या वेगवेगळ्या वाढवल्या आणि प्रत्येक नळीतला माल विषाणू पसरलेल्या बशीवर ओतला. विषाणू भेटल्यावरच बदल होत असेल, तर प्रत्येक बशीवर वाचलेल्या वसाहती थोड्याफार सारख्या दिसायला हव्यात : तीन, पाच, चार, दोन. दिसलं वेगळंच. बऱ्याच बशांवर शून्य, काहींवर दोन-चार, आणि मधूनच एखादीवर शंभराच्या वर. ही मटका लागलेली बशी म्हणजे त्या नळीत बदल विषाणू भेटायच्या कित्येक पिढ्या आधीच झालेला होता, आणि विषाणू भेटेपर्यंत त्याचं गोत्र वाढून बसलं होतं.

दुसरा १९५२ चा, जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग यांचा. हा मला जास्त आवडतो, कारण यात गणित नाही, मखमल आहे. बशीच्या मापाचा लाकडी ठोकळा, त्यावर निर्जंतुक मखमल ताणून बसवलेली. औषध नसलेल्या बशीवर जिवाणू वाढवायचे आणि ती बशी मखमलीवर पालथी दाबायची. मखमलीच्या केसांना प्रत्येक वसाहतीतले थोडे जिवाणू चिकटतात, जागच्या जागी. आता स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या तीन-चार बशा त्याच मखमलीवर एकामागून एक दाबायच्या, म्हणजे एकाच नकाशाचे छाप. दुसऱ्या दिवशी सगळ्या बशांवर वसाहत उगवते ती त्याच जागी. औषधाने बदल घडवला असता तर प्रत्येक बशीवर वेगळ्या जागी उगवली असती. मग मूळ बशीकडे परत जायचं. तिने औषध पाहिलेलंच नाही. तिच्यावरची नेमकी ती जागा खरवडायची, वाढवायची, पुन्हा छाप घ्यायचा. असं काही वेळा केलं की औषधाचा थेंबही न पाहिलेले, पण औषधाला न मरणारे जिवाणू हातात येतात.

छापाचा गोंधळ होतो तो बशी दाबताना सरकली तर. म्हणून ठोकळ्यावर आणि बशीवर एकाच दिशेची खूण करतात.

तर्कटराव

मखमल पटली. पण मग ‘आयुष्यात कमावलेलं पिलांत उतरतं’ म्हणणारा लामार्क शंभर टक्के चूक म्हणायचा का?

पेट्रीबशी

नव्व्याण्णव टक्के म्हणू. जिवाणूंमध्ये क्रिस्पर नावाची व्यवस्था आहे. विषाणू येऊन गेला तर त्याच्या डीएनएचा छोटा तुकडा जिवाणू आपल्या डीएनएत साठवतो आणि तो पुढच्या पिढ्यांना मिळतो. हे खरोखर ‘आयुष्यात कमावलेलं पोरांना दिलं’ या प्रकारात बसतं. पण ही व्यवस्था स्वतः निवडीतूनच आलेली आहे, आणि अळीकडे ती नाही.

चिंचोका

वाचलं. म्हणजे पैलवानाचं पोर पैलवान निघत नाही. आमच्या तालमीला हे आधी का नाही कळवलं?

सरकी

आता खरा मुद्दा, कारण याच गैरसमजापायी आश्रयपीक, म्हणजे बीटीच्या सोबत मुद्दाम लावायची बिनबीटी कपाशी, वाया गेलं. ‘अळी सरावते’ असं मानलं की उपाय एकच सुचतो : कुठेही बिनबीटीचं झाड ठेवू नका, अळीला जगायला जागाच देऊ नका. बरोबर उलटं करायला हवं होतं.

हिशेब बघा. वाकड्या कुलपाचं जनुक हजारात एक आहे असं धरू. अळीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती, आणि वाचायला दोन्ही वाकड्या लागतात. म्हणजे १० लाख अळ्यांत :

९,९८,००१ दोन्ही धड
१,९९८ एक धड, एक वाकडी
१ दोन्ही वाकड्या

सगळीकडे बीटीच लावली, तर पहिल्या दोन गटांतल्या जवळजवळ सगळ्या मरतात. उरल्यासुरल्या वाकड्यांना जोडीदार मिळतो तोही वाकडाच. पुढची सगळी पिढी दोन्ही वाकड्या घेऊन येते. खेळ खलास.

२० टक्के क्षेत्र बिनबीटीचं ठेवलं, तर तिथून सुमारे २ लाख धड पतंग बाहेर पडतात. बीटीतून आलेला तो एकुलता एक वाकडा पतंग त्यांच्यातल्याच कुणाशी जोडी करणार. त्यांची पिलं सगळी एक धड, एक वाकडी. ती बीटीवर गेली की मरतात. बिनबीटीच्या ओळी म्हणजे अळीला दिलेली भीक नव्हे, वाकड्या जनुकासाठी लावलेला सापळा आहे.

म्हणून नियम होता : सभोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यातलं जे जास्त असेल ते. ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी त्यासाठीच यायची. ती बहुतेक ठिकाणी बांधावर पडली, नाहीतर नांग्या, म्हणजे बी न उगवलेल्या जागा, भरायला वापरली गेली. आता मिसळूनच देतात, एकाच पाकिटात ५ ते १० टक्के बिनबीटी बी.

मोरपंखी

सरकीताई, एक शंका. हिरवी बोंडअळी, म्हणजे अमेरिकन, ती त्याच शेतात, तेच बीटी खाऊन होती. तिने एवढा दंगा का केला नाही? तिच्यासाठी आश्रयपीक कुणी लावलं?

सरकी

तूर, हरभरा, टोमॅटो, सूर्यफूल यांनी लावलं :) हिरवी अळी शेकड्याने वनस्पती खाते. तिचे धड पतंग शेजारच्या तुरीतून आपोआप येत राहिले. गुलाबी अळीचं जवळपास सगळं कपाशीवर, फार तर थोडी भेंडी. देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशी बीटीची झाल्यावर तिला धड जोडीदार मिळायची जागाच उरली नाही. एकाच शेतात, एकाच विषाने, दोन अळ्यांचे दोन वेगळे निकाल. ‘सराव’ हा खुलासा इथे लटका पडतो, कारण सराव दोघींनाही सारखाच मिळाला होता.

निमसरकारी

+१. हीच गुलाबी अळी अमेरिकेत ॲरिझोनामध्येही होती. तिथे बीटी १९९६ पासून. सुरुवातीची दहा वर्षं शेतकऱ्यांनी आश्रयपीक काटेकोर लावलं आणि अळी हाताबाहेर गेली नाही. २००६ पासून किरणोत्साराने वांझ केलेले पतंग विमानातून सोडले, चार वर्षांत २ अब्जांच्या वर. २०१८ मध्ये तिथे अळीचं उच्चाटन झाल्याची घोषणा झाली. इकडे २०१७ मध्ये आपण बोंडं फोडून बघत होतो.

तुळापूरकर

पण आपल्याकडे तर दोन जनुकांचं बीटी होतं. दोन कुलपं एकाच वेळी वाकडी असणारी अळी कोट्यवधींतही सापडू नये.

रक्तपेढी

तुमचा हिशेब क्षयरोगाच्या उपचारातून घ्यायला हवा, तिथे तो फार जुना आहे. आयसोनियाझिडला न मरणारा क्षयजंतू साधारण १० लाखांत एक. रिफाम्पिसिनला न मरणारा १० कोटींत एक. फुप्फुसातल्या एका पोकळीत १० ते १०० कोटी जंतू सहज मावतात, म्हणजे एकच औषध दिलं तर वाचणारे आधीपासून आत बसलेलेच आहेत. दोन्ही एकदम दिली की गुणाकार होतो : १ वर १४ शून्यं. एवढे जंतू एका माणसात मावत नाहीत. म्हणून पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन.

आता चुकीची पद्धत. एक औषध द्यायचं, ते निष्प्रभ झालं की दुसरं जोडायचं. गुणाकार संपला, कारण दुसऱ्याच्या वेळी पहिलं मेलेलंच आहे. कपाशीत नेमकं हेच झालं. एका जनुकाचं वाण आधी आलं, दोन जनुकांचं नंतर, आणि मधली कित्येक वर्षं दोन्ही शेजारी-शेजारी. दोन पहारेकरी नेमले, पण पहिला आधीच फितूर.

जाता जाता : ‘माझं शरीर गोळ्यांना सरावलं, आता लागू पडत नाहीत’ असं जंतूंच्या औषधांबद्दल म्हणतात तेही चूक. शरीर तिथे निर्दोष आहे. बदलते ती जंतूंची वस्ती, आणि ती शेजाऱ्याला लागली की ज्याने आयुष्यात एक गोळी घेतली नाही त्यालाही औषध लागू पडत नाही.

सरकी

रक्तपेढी, फितूर पहारेकरी झकास! त्यात आणखी एक भर. आपल्याकडे संकरित बी. जनुक सहसा एकाच पालकाकडून आलेलं, म्हणजे झाडात एकच प्रत. झाडाच्या पानात विष आहे, पण बोंडातली प्रत्येक सरकी ही पुढची पिढी, तिथे वाटणी होते. दोन जनुकं स्वतंत्रपणे वाटली जातात असं धरलं तर १६ सरक्यांत ९ मध्ये दोन्ही, ३ मध्ये फक्त पहिलं, ३ मध्ये फक्त दुसरं, आणि एकीत काहीच नाही. गुलाबी अळी पान खात नाही, ती बोंडात शिरून सरकीच खाते. शिरल्यावर बोंड वाढतं आणि भोक बुजून जातं. आत बसून ती विषारी, अर्धी विषारी, बिनविषारी अशी चव घेत फिरते.

चिंचोका

म्हणजे सरावतेच की हो! एवढा धागा कशाला काढला!

सरकी

चिंचोकाशेठ, नाही. अर्ध्या विषात वाचतात त्या ‘एक धड, एक वाकडी’ वाल्या. वर त्यांची संख्या १,९९८ होती, दोन्ही वाकड्या असलेली फक्त एक. भरपूर विषात फक्त ती एकच वाचते. कमी विषात १,९९८ मधल्या कितीतरी वाचतात आणि वाकडं जनुक धो धो वाढतं. हंगाम सरत जातो तसं झाडातलं विषही कमी होतं, म्हणून फरदड ठेवणं, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात राखणं, हे याच गटाला पोसणं.

आडवाटेचा

धागा कापसात अडकलाय. शीर्षकात नसला तरी ‘नेहमीचे प्रश्न’ म्हणालात ना? मग घ्या. माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून का आहेत?

मोरपंखी

मराठी प्राकृतातून आली, तर गुजराती अजून का आहे?

आडवाटेचा

मराठी गुजरातीतून आलेलीच नाही. दोघी प्राकृतांतून आल्या.

मोरपंखी

झालं उत्तर. गुजरातीच्या जागी चिंपांझी घाला आणि प्राकृताच्या जागी ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा एक वानर, जो माणूसही नव्हता आणि चिंपांझीही नव्हता. नात्यात बोलायचं तर चिंपांझी आपला आजा नाही, चुलतभाऊ आहे. लाल तोंडाचं माकड त्याहून कितीतरी लांबचा भाऊबंद.

पुरावा हवा तर गुणसूत्रं मोजा. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांची ४८, आपली ४६. नातं खरं असेल तर एक जोडी कुठेतरी जोडली गेलेली सापडायला हवी. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तसंच आहे. चिंपांझीची दोन गुणसूत्रं टोकाला टोक लावून ठेवली की ते बनतं. एरवी फक्त टोकाला असणारी ‘टीटीएजीजीजी’ ही अक्षरमाळ आपल्यात त्या गुणसूत्राच्या मधोमध आहे, आणि दुसऱ्या मध्यबिंदूचे निकामी अवशेषही. दोन चिंध्या जोडल्यावर मधे शिवण दिसावी तसं.

तर्कटराव

ठीक. पण शेवटी ही थिअरीच. सिद्ध कुठे झालीये?

बोरूबहाद्दर

तर्कटराव, मराठीत तरी हा आक्षेप चालू नये. आपला शब्द ‘सिद्धांत’. ‘सिद्ध’ शब्दातच आहे. ‘आपली एक थिअरी आहे’ असं चहावर म्हणतो त्याला आपण तर्क, अंदाज, अटकळ म्हणतो. गुरुत्वाकर्षण, अणू, रोगजंतू हेही सिद्धांतच आहेत आणि कुणी ‘रोगजंतू ही थिअरीच’ म्हणून हात न धुता शस्त्रक्रियेला बसत नाही.

उलट आपल्या भाषेत दुसरीकडे खोट आहे. ‘उत्क्रांती’ म्हणजे वर चढत जाणं. शब्दातच शिडी. डार्विनने १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत ‘बदलांसह वंशपरंपरा’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला होता. इंग्रजीतल्या उत्क्रांतीचं क्रियापद त्या पुस्तकात येतं ते थेट शेवटचा शब्द म्हणून. अंधाऱ्या गुहेतल्या माशांचे डोळे गेले, पोटातल्या पट्टकृमीचं आतडं गेलं. तीही उत्क्रांतीच. चढण कुठे आहे?

तुळापूरकर

आणि ‘बळी तो कान पिळी’?

बोरूबहाद्दर

ते तर सर्वांत मोठं लोढणं. ‘जो समर्थ तो टिकेल’ ही शब्दयोजना हर्बर्ट स्पेन्सरची, १८६४ ची. डार्विनने ती पाचव्या आवृत्तीत, १८६९ मध्ये उचलली आणि तेव्हापासून आपण कान पिळतोय. ‘समर्थ’ म्हणजे त्या जागी, त्या वेळी जास्त पिलं मागे ठेवणारा. प्रयोगशाळेत वाढवलेल्या बीटी-प्रतिकारक गुलाबी अळ्या बिनबीटी कपाशीवर कित्येकदा साध्या अळ्यांपेक्षा कमी जगतात. बीटीच्या शेतात बळी, बांधापलीकडे दुबळी. कुणाचा कान पिळणार?

रक्तपेढी

माणसातलं उदाहरण विदर्भात आणि नंदुरबारमध्ये आहे. सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन, बदल एवढाच. दोन प्रती मिळाल्या तर जन्मभराचा आजार. एक मिळाली तर माणूस वाहक, सहसा त्रास नाही, आणि फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर झटक्यापासून बरंच संरक्षण. जिथे मलेरिया शतकानुशतकं माणसं मारत होता तिथे वाहक जास्त जगले आणि जनुक टिकलं. नवरा-बायको दोघं वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता २५ टक्के, वाहकाची ५०, काहीच नसण्याची २५. ‘पहिल्या पोराला झाला, आता पुढची तीन सुटली’ असं समजणारे भेटतात. नाही. फासे दरवेळी नव्याने पडतात. म्हणून लग्नाआधीची रक्ततपासणी.

निवड ‘उत्तम’ बनवत नाही, भागेल ते ठेवते. बिल कुणीतरी भरतं.

आडवाटेचा

दशावतार विसरलात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन. डार्विनच्या आधी आपल्याकडे क्रम लावून ठेवला होता.

मोरपंखी

क्रम छान आहे, पण कूर्मापाशीच अडखळतो. कासव हा मासा आणि जमिनीवरचे प्राणी यांच्यातला दुवा नाही. तो सरपटणारा प्राणी, त्याचे पूर्वज जमिनीवरचे, आणि समुद्री कासवं उलट जमिनीवरून पाण्यात परत गेलेली. शिवाय अवतारात बदल कसा होतो हे सांगायचं नाहीच, एकच देव रूपं घेतो. पुराणाला पुराण म्हणून गोडी आहे, त्याच्यावर जीवशास्त्राची परीक्षा कशाला लादता.

कच्छी

पाण्यात परत जाण्यावरून आठवलं. ‘मधल्या कड्या कुठे आहेत’ हा प्रश्न भारतात बसून विचारू नये. देवमाशाच्या कड्या भारत-पाकिस्तानातच सापडल्या. जम्मूतल्या कालाकोटजवळचा इंडोहायस, साधारण ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खूर असलेला प्राणी. २००७ मध्ये त्याचं नातं मांडलं गेलं ते दोन गोष्टींवरून. एक, कानाच्या हाडाची आतली कड जाड, जी एरवी फक्त देवमाशांच्या कुळात दिसते. दुसरी, पायाची हाडं पोकळीला जागा न ठेवता भरीव, पाणघोड्यासारखी. पाण्यात तळाशी चालायला वजन लागतं. शिवाय हिमाचलातल्या सुबाथूच्या थरातला हिमालयासीटस हा आदिम देवमासा. मग आमच्या कच्छच्या थरांतला कच्छिसीटस : आखूड पाय, लांब शेपूट.

तर्कटराव

लहान बदल मान्य. अळीचं कुलूप बदललं, अळी अळीच राहिली ना? नवी जात झालेली कुणी पाहिली?

सरकी

तर्कटराव, ताटात बघा. खपली गव्हाची गुणसूत्रं २८. चपातीच्या गव्हाची ४२. खपलीच्या कुळातल्या गव्हाचा एका रानगवताशी संकर झाला, त्या गवताची १४. पराग आणि बीजांडात निम्मी जातात, म्हणून संकराला मिळाली १४ अधिक ७, म्हणजे २१. विषम, जोड्या लागत नाहीत, रोप वांझ. मग एखाद्यात गुणसूत्रं दुप्पट झाली : ४२. आता प्रत्येकाला जोडी, रोप सुपीक. खपलीशी उलटा संकर करून बघा, पुढची पिढी धड बी धरत नाही. म्हणजे जात वेगळी झाली, आणि पिढ्यांच्या लांबलचक रांगेशिवाय झाली. ही ८-१० हजार वर्षांपूर्वीची गोष्ट.

कपाशीही तीच. देशी कपाशीची २६, अमेरिकन कपाशीची ५२. जुन्या जगातल्या कापसाची २६ आणि अमेरिकेतल्या रानकापसाची २६, एकत्र आली १०-२० लाख वर्षांपूर्वी.

‘कुणी पाहिली’ असंच म्हणायचं असेल तर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन आणि आयडाहो राज्यांत ट्रॅगोपोगॉन नावाचं पिवळ्या-जांभळ्या फुलांचं तण आहे. युरोपातून आलेल्या तीन जातींच्या संकरातून, १२ ची २४ गुणसूत्रं होऊन, तिथे दोन नव्या जाती तयार झाल्या. १९५० मध्ये त्यांची नोंद झाली. विसाव्या शतकाआधी त्या जगात नव्हत्या.

चिंचोका

खपलीची खीर वांझ गवतावरून आठवेल असं वाटलं नव्हतं.

तुळापूरकर

मला इतकंच खटकतं की सगळं यदृच्छेनेच होतं म्हणता. फासे टाकून गहू?

पेट्रीबशी

फासे टाकून नाही. फासे टाकून आणि निवडून. बदल यदृच्छेने, म्हणजे गरज बघून होत नाही. निवड मुळीच यदृच्छेने नाही, बीटीच्या शेतात कोण मरणार हे आधीच ठरलेलं आहे.

दोन्ही एकत्र पाहायचे तर अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लेन्स्कींचा प्रयोग. २४ फेब्रुवारी १९८८ ला ई. कोलाय या जिवाणूचे १२ एकसारखे फ्लास्क सुरू झाले. प्रत्येकात १० मिली द्रावण, अन्न म्हणून थोडंसं ग्लुकोज. रोज शंभरावा भाग नव्या फ्लास्कमध्ये, म्हणजे दिवसाला साडेसहाच्या वर पिढ्या. दर ५०० पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. बाराही फ्लास्कमधले जिवाणू भराभर वाढायला लागले, ही निवड. पण द्रावणातलं सायट्रेट ऑक्सिजनच्या साक्षीने खायला शिकला तो बारांतला एकच, साडेएकतीस हजार पिढ्यांच्या आसपास. हे फासे. गोठवलेले नमुने पुन्हा वाढवले तेव्हा कळलं, की त्याच फ्लास्कच्या उशिराच्या पिढ्यांतूनच ते पुन्हा घडतं, सुरुवातीच्यांतून नाही. आधी एखादा निरुपयोगी वाटणारा बदल झालेला असावा लागतो.

‘शिकला’ म्हटलं मी. बोरूबहाद्दर रागावतील.

निमसरकारी

अवांतर : २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला गेला. राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’.

बोरूबहाद्दर

पेट्रीबशी, रागावत नाही, कारण शब्द मलाही सापडत नाहीये. ‘सरावली’ नको, तर शेतकऱ्याला दुसरं काय म्हणायचं? ‘प्रतिकारक्षमता विकसित झाली’ हे सरकारी आहे, आणि ‘विकसित’मध्ये पुन्हा शिडी.

शिवारातला

शब्द आहे की. बी धरणं. चांगलं कणीस बघून शेतकरी त्याचं बी धरतो, बाकीचं दाणे म्हणून खातो. कणसाला काही शिकवत नाही. वाकड्या कुलपाच्या अळ्या वेचून वेचून बीटीने वर्षानुवर्षं तेवढ्यांचंच बी धरलं. ‘बीटीने अळीचं बी धरलं’ म्हणा, कुणालाही समजतं, आणि पुढचा प्रश्न तो आपणहून विचारतो, की मग बी मोडायचं कसं.

सरकी

वा! हे मी आता सगळीकडे वापरणार.

मोरपंखी

झुरळांवर करून पाहिलं, बसतंय. विषारी आमिषात ग्लुकोज घालतात. काही ठिकाणच्या जर्मन झुरळांना ग्लुकोज कडू लागायला लागलं, ती आमिषाला तोंड लावत नाहीत. ‘आमिषाने कडू जिभेच्या झुरळांचं बी धरलं.’

बोरूबहाद्दर

शिवारातला, मान गये. शीर्षक बदललं असतं, पण संपादनाची मुदत संपली. आता तुम्हीच सांगा, बी मोडायचं कसं?

शिवारातला

अळीचा वर्षाचा फेरा तुटला पाहिजे.

डिसेंबरअखेर पीक काढून टाकायचं, फरदड नाही. शेतात उभ्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) आणि किडकी बोंडं म्हणजे तिचं कोठार. शेवटच्या पिढीच्या अळ्या दोन सरक्या जोडून त्यात सुप्तावस्थेत महिनोन्महिने पडून राहतात. पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर ठेवले तर शेत साफ करून काही उपयोग नाही.

मेमध्ये धूळपेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्यात पेरणी, करायची नाही. जून-जुलैत निघणाऱ्या पतंगाला फुलं मिळाली नाहीत तर अंडी वाया जातात.

पातं (कळ्या) लागायच्या सुमारास हेक्टरी पाच कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पकडणारे. सापळ्यात एका रात्री आठ पतंग, असं सलग तीन रात्री दिसलं, किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडलेली दिसली, की फवारणीचा विचार. त्याआधी नाही. मिटलेली गुलाबाच्या कळीसारखी फुलं, म्हणजे डोमकळ्या, दिसतील तशा तोडून नष्ट करायच्या, नुसत्या खाली टाकायच्या नाहीत. हिरवी बोंडं वीस-एक तोडून फोडून बघायची, बाहेरून काही कळत नाही.

जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत. कापूस तिकडे जातो तेव्हा सरकीतली अळीही तिकडे जाते आणि आसपासच्या शेतांत पहिला पतंग तिथूनच येतो.

आणि हे एकट्याने करून भागत नाही, शेजारी फरदड ठेवणारा असला तर त्याचा पतंग तुमच्याकडे येतोच. गावाने एकदम केलं तरच.

तर्कटराव

कामगंधावरही तेच होणार नाही का? मादीच्या वासाला न भुलणाऱ्या नरांचं बी धरलं जाईल.

शिवारातला

बरोबर धरलंत. पण हेक्टरी पाच सापळे मोजणीसाठी आहेत. त्यात थोडे नर पडतात, दाब नगण्य. नर वेचून संपवायला दाट सापळे लावले, तर तुमचा प्रश्न उभा राहतो. तरी तिथे एक अडचण नरालाच आहे : सापळ्यातल्या वासाला भुलला नाही, तर तोच वास असलेल्या खऱ्या मादीलाही सापडत नाही.

चिंचोका

याला म्हणतात इकडे आड तिकडे विहीर. गंधाची वडी किती दिवस चालते?

शिवारातला

तीन-चार आठवडे, पाकिटावर लिहिलेलं असतं. बदलताना आधीची वडी शेतात टाकू नका, नर तिच्याभोवती फिरत राहतात आणि सापळ्यातली मोजणी खोटी कमी येते. आणि हातमोजे घाला, नाहीतर एकाच हाताचा वास सगळ्या सापळ्यांना.